संत्र्याच्या चाकूनं गुलाबाचा डोळा

2019 च्या उन्हाळ्यात आमची दीडशे संत्र्याची झाडं उभ्या उभ्या वाळली. वरूड-मोर्शीकडच्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. त्या वर्षी आमच्या भागात ज्याच्या बोअरला पाणी उरलं त्याचीच बाग राहिली. आमचा बोअर एप्रिलच्या शेवटी दोन दिवस नुसती हवा ओकत राहिला आणि मग गप्प झाला. पुढं बुडखे काढले, सरपणात विकले. वावराचा एक तुकडा असा बोडका झाला की बाबा तिकडून जाताना मान फिरवून घ्यायचे.

गुलाबाचं खूळ डोक्यात शिरलं ते बहिणीच्या लग्नात. स्टेजच्या सजावटीसाठी नागपूरला सीताबर्डीच्या नेताजी मार्केटात गेलो, तर लाल गुलाबाची पेटी पुण्याकडून आलेली. भाव ऐकून मी दुकानदाराला दोनदा विचारलं. परत येताना बसमध्ये हिशेब मांडला. हिशेब बसमध्ये मांडला की नेहमीच बरोबर येतो.

पॉलीहाउस आमच्या आवाक्यातलं नव्हतंच. ताजमहाल, टॉप सीक्रेट अशी हातभर दांड्याची फुलं जे काढतात त्यांच्याशी उघड्या वावरातला माणूस भिडू शकत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हारात, गुच्छात, दर्ग्याच्या चादरीत, नवरदेवाच्या गाडीवर जो गुलाब लागतो तो आखूड दांड्याचाही चालतो. मग उघड्यावर टिकणारी जात कोणती, एवढाच प्रश्न उरला. ज्याला विचारावं तो एकच नाव सांगायचा, ग्लॅडिएटर. जात अमेरिकेतली, 1955 सालची, पण महाराष्ट्रात इतकी रुळली आहे की फुलवाले तिला देशीच समजतात. फूल मोठं, कळी टणक, झाड दांडगं. रंग मात्र फोटोत दिसतो तसा रक्तासारखा नसतो, जरा गुलाबीकडं झुकलेला लाल असतो.

2021 च्या जुलैत चार फुटांवर ओळी आणि ओळीत अडीच फूट अंतर धरून हजार रोपं लावली. सहाशे ग्लॅडिएटर, दोनशे बोर्डो, शंभर सुपर स्टार आणि उरलेली शंभर आईच्या हौसेची, पाचपंचवीस जातींची खिचडी. रोपं बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका नर्सरीतून टेम्पोनं आणली. बोर्डोवरून घरात गंमत झाली. मी बाबांना म्हटलं, "उद्या दोनशे बोर्डो लावायचा आहे." ते सकाळी मोरचूद आणि चुना बादलीत भिजवून बसले. संत्रावाल्याच्या घरात बोर्डो म्हणजे डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येऊ नये म्हणून पावसाळ्याआधी बुंध्याला लावायची निळी पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही नावं फ्रान्सातल्या एकाच गावाची, हे मी त्यांना सांगितलं. "मंग फुलाचा रंग निळा असन," ते म्हणाले.

आता मुख्य चूक सांगतो. टेम्पोतून रोपं उतरवताना मी काय पाहिलं? पानं हिरवी आहेत का, कळी आहे का, चिठ्ठीवर नाव काय आहे. खाली काय आहे ते पाहिलं नाही. आमच्याकडचं शाळकरी पोरगंही संत्र्याची कलम घेताना आधी विचारतं, जंबेरीवर बांधली का रंगपूरवर, म्हणजे खाली मुळं कोणत्या लिंबाची? शेंदुरजनाघाटच्या पन्हेरीत (नर्सरीत) उभं राहून खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधली ते खालचं झाड, न विचारता कलम घेणाऱ्याला लोक हसतील. आणि संत्र्यात जन्म गेलेल्या माझ्यासारख्या माणसानं हजार गुलाब आणले, प्रत्येक गुलाब कुणाच्यातरी मुळांवर बांधलेला असतो हे माहीत असून, आणि तो कुणाच्या मुळांवर आहे हे विचारलं नाही. गुलाब म्हणजे फूल, एवढंच डोक्यात.

पहिला हिवाळा बरा गेला. फुलं आली, थोडी विकली, बरीच वाटली. फेब्रुवारीत नवी पानं पिवळी पडू लागली. शिरा हिरव्यागार आणि मधली जागा लिंबासारखी, जणू कुणी हिरव्या पेननं पानावर जाळं काढलंय. कृषी केंद्रातून एक टॉनिक आणलं, मग दुसरं. तिसरं आणायला गेलो तेव्हा तिथं आलेल्या एका कृषी सहायकानं पान उन्हात धरून पाहिलं आणि विचारलं, "जमीन चुनखडीची आहे का?" होती. वावरात नांगर घातला की पांढरे खडे वर येतात, ते आम्ही लहानपणी पाटीवर लिहायला वापरायचो. माती तपासली, सामू (pH) 8.3 आला. जमिनीत लोह भरपूर असतं, पण अशा चुनखडीच्या जमिनीत मुळांना ते उचलता येत नाही. ड्रिपमधून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, दिलं की झाडं वीसएक दिवस हिरवी दिसायची, पुन्हा पिवळी.

त्याच वेळी दुसरं एक सुरू होतं आणि ते मी आनंदानं पाहत होतो. काही झाडांना बुडाशी लांबच लांब, फिक्या हिरव्या काड्या फुटल्या. पिवळेपणा अंगावर असूनही त्या पुरुषभर वाढल्या. निंदायला येणाऱ्या बाया खूश. एक जण म्हणाली, "भाऊ, ह्या झाडायले काटेच नाही, लय चांगली जात आनली." मीही खूश. म्हटलं चला, हातपाय सोलायचे वाचले. पान मोजायचं कुणालाच सुचलं नाही. ग्लॅडिएटरच्या पानाला बहुतेक पाच पर्णिका असतात, या काड्यांना सात, कुठं कुठं नऊ. मार्चमध्ये त्यांच्यावर बोराएवढ्या पांढऱ्या फुलांचे घोस आले, पाच पाकळ्यांचे. वास गोड होता. बाजारात त्याला कुणी हात लावला नसता.

तो खुंट होता. रोझा मल्टिफ्लोरा, बिनकाट्याचा. वर बांधलेला ग्लॅडिएटरचा डोळा (सालीसकट काढून लावलेला अंकुर) काही झाडांत मेला होता, काहींत अशक्त झाला होता, आणि खालच्यानं घर ताब्यात घेतलं होतं. मल्टिफ्लोरा हलक्या, आम्लाकडं झुकलेल्या जमिनीत उत्तम चालतो. डोळा चटकन धरतो म्हणून नर्सरीवाल्यांचा लाडका. चुनखडीच्या भारी काळ्या जमिनीत त्याचे हाल होतात. म्हणजे वरच्याची उपासमार आणि खालच्याची गुंडगिरी, दोन्हींचं मूळ एकच. उत्तर भारतात जिथं जमीन खारवट, सामू जास्त, तिथं इंडिका ओडोराटाचा खुंट वापरतात, तो असली जमीन सोसतो. हे मला हजार रोपं लावल्यावर आठ महिन्यांनी कळलं. नर्सरीला फोन केला. "तुमच्या पाण्यात काहीतरी असेल," असं उत्तर आलं.

2022 चा जुलै विदर्भात कुणी विसरलेलं नाही. आमच्या वावरात पाणी धुऱ्याला लागून चार दिवस उभं होतं. मी सरी-वरंबा न करता सपाट लावण केली होती, कारण संत्र्याला आम्ही सपाटच लावतो. अडीचशे झाडं गेली. गुलाबाला पाणी लागतं पण पायात पाणी चालत नाही; आमची माती भिजली की लोण्यासारखी आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगांची. उरलेल्या ओळींच्या दोन्ही अंगांनी माती ओढून दीड फूट उंच गादीवाफे केले. हे काम आधी केलं असतं तर दोन दिवसांचं होतं. नंतर केलं म्हणून पंधरा दिवस लागले आणि कितीतरी मुळं फावड्यानं तुटली.

जातींबद्दल मला जे कळलं ते या दोन वर्षांत कळलं, आणि त्यातलं कोणत्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. ग्लॅडिएटर खरंच दांडगा. मेच्या 45 अंशांत त्याची पानं करपली पण काडी मेली नाही. पण उन्हात त्याचा लाल रंग दुपारपर्यंत जांभळट पडतो. अडत्यानं पहिल्याच दिवशी फूल उलटून पाहिलं, "शिळं हाये का?" सकाळी सहाला तोडलेलं होतं. मग उजाडायच्या आधी, बाहेरची एखादी पाकळी नुकती सुटलेली असतानाच कळी कापायची आणि तडक पाण्याच्या बादलीत उभी करायची, अशी सवय लावली. बोर्डोचा रंग गडद, तो टिकतो, जुडी बांधली की उठून दिसते. पण झाडाला ग्लॅडिएटरची हाडं नाहीत. सुपर स्टारच्या शेंदरी रंगानं सगळ्यांना वेड लावलं आणि डिसेंबर लागताच भुरीनं सुपर स्टारला. कोवळे शेंडे पीठ भुरभुरल्यासारखे. गंधक फवारून आटोक्यात येते, पण हेच गंधक पारा चढल्यावर मारलं तर पानं भाजतात. आता मी सुपर स्टार फक्त बारा ठेवलेत, विहिरीजवळ, स्वतःसाठी.

आईच्या खिचडीत दिल्लीच्या पुसा संस्थेतल्या काही जाती होत्या. मृणालिनी, मोहिनी, अभिसारिका, डॉ. होमी भाभा. होमी भाभा ही बी. पी. पाल यांची जात. हा माणूस गव्हाचा शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा पहिला महासंचालक, आणि गुलाब त्याचा नाद. गव्हावरचा तांबेरा आणि गुलाबाचे संकर एकाच डोक्यात कसे मावत असतील कोण जाणे. मोहिनीचं फूल तपकिरी चॉकलेटी असतं. आईनं पहिलं फूल पाहिलं आणि म्हणाली, "ह्याच्यावर चहा कोनं सांडोला?" अभिसारिका ही किस ऑफ फायर या गुलाबावर किरणांचा प्रयोग करून मिळालेली पट्ट्यापट्ट्यांची जात. ही नावं गावात उच्चारताना मला उगीच लाज वाटायची. बाजारात या फुलांना मागणी नाही, कारण हारवाल्याला पोतंभर एकसारखं फूल लागतं, पाच रंगांची पाच फुलं नव्हे. पण दारात लावायला यांच्यासारखं काही नाही, आणि आता गावातल्या सात-आठ अंगणांत मोहिनी आहे, सगळ्या आईनं वाटलेल्या.

छाटणीचं एक रडगाणं आहे ते उरकून टाकतो. छाटल्यापासून साधारण 45 दिवसांनी बहर येतो, थंडीत थोडे जास्त लागतात. 2022 ला पावसानं झाडं थकली होती म्हणून मी छाटणी लांबवली आणि नोव्हेंबरच्या मध्यावर केली. बाहेरच्या अंगाच्या डोळ्यावर तिरपा काप, काप्यावर बोर्डो पेस्ट, सगळं पुस्तकाप्रमाणं. बहर असा आला की रस्त्यानं जाणारे थांबून फोटो काढायचे. आणि तो आला ऐन पौषात. लग्नं बंद, हारवाले शेकोटीला. एका टोपलीचे जे मिळाले त्यातून बसचं भाडं गेल्यावर चहाचे उरले. बाबा काही बोलले नाहीत, फक्त कालनिर्णय खिळ्यावरून काढून माझ्या खोलीत आणून टांगलं. तेव्हापासून मी आधी लग्नाच्या तिथी पाहतो आणि तिथून मागं दिवस मोजत येतो. कोजागिरीच्या आसपास पहिला तुकडा छाटतो. फेब्रुवारीतल्या त्या पोरापोरींच्या दिवसासाठी दुसरा तुकडा नाताळच्या सुमारास.

खुंट बदलायचा तर नवीन रोपं विकत आणायची किंवा स्वतः बांधायची. विकत आणायला हिंमत नव्हती आणि पैसेही. नागपूरच्या एका जुन्या बागवानाकडून इंडिकाच्या काड्या मिळाल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब. प्रत्येक काडीचे खालचे डोळे चाकूनं खरवडून टाकले, म्हणजे पुढं जमिनीतून फुटवे यायला नकोत, आणि 2023 च्या पावसाळ्यात वाफ्यात रोवल्या. डिसेंबरपर्यंत तीनशेच्या आसपास बांधण्याजोग्या झाल्या.

बांधायला बोलावलं शेंदुरजनाघाटच्या मामांना. नात्यानं कुणी नाहीत, सगळा तालुका त्यांना मामाच म्हणतो. पन्नास वर्षं संत्र्याच्या कलमा बांधतात, उकिडवं बसून बोलता बोलता दिवसाला शेकड्यानं. गुलाब कधी बांधला नव्हता.

"डोळा तो डोळा," ते म्हणाले. "गुलाबाले काय येगळा असते का?"

"काटे लागतील मामा."

"काट्याचं मले नको सांगू बाबू. जंबेरीत हयात गेली."

पहिल्या बारा काड्या त्यांनी मी चहा घेऊन येईपर्यंत बांधल्या. पाहतो तर सगळे डोळे वीतभर उंचीवर. हाताची सवय! संत्र्यात डोळा जमिनीपासून नऊ इंच वर बांधतात, मातीतल्या बुरशीपासून कलमेचा सांधा दूर राहावा म्हणून. गुलाबात तो मातीलगत, दोन-तीन बोटांवर हवा. वर बांधला तर खालचा सगळा खुंट फुटव्यांना मोकळा सापडतो, आणि त्याचं फळ मी दोन वर्षं भोगलं होतं. मामांना सांगितलं. त्यांनी काडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मंग एवढ्या खाली वाकून मी मरू का?" म्हणाले. मग पोतं अंथरलं, चक्क कुशीवर आडवे झाले आणि तसे पडून बांधू लागले.

मी शेजारी बसून शिकलो. डोळा घ्यायची काडी अशी निवडायची की जिचं फूल नुकतंच गळून गेलंय. पिकली की नाही ते काट्यावरून कळतं. अंगठ्यानं काटा बाजूला रेटला की कट्कन मोडून मागं स्वच्छ ओली खूण राहिली पाहिजे. साल ओढत मोडला तर काडी कच्ची. पानं कापायची पण प्रत्येकाचा देठ ठेवायचा, तीच डोळ्याची मूठ. खुंटावर आडवा एक काप, त्याच्या मधून खाली इंचभर उभा, चाकूच्या मागच्या टोकानं साल दोन्हीकडं उचलायची. डोळा ढालीच्या आकारात काढायचा, मागं चिकटलेली लाकडाची चिपळी नखानं सोडवायची. इथं माझं दर वेळी चुकायचं. चिपळीबरोबर डोळ्याचं काळीजच निघून यायचं आणि मागं एक बारीक भोक दिसायचं. असला डोळा बांधून उपयोग नाही. मामा ते भोक आभाळाकडं धरून पाहायचे आणि म्हणायचे, "यातून चंद्र दिसते. फेक." मग ढाल सालीच्या खिशात वरून खाली सरकवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं डोळा उघडा ठेवून घट्ट गुंडाळायची. मामांचा एक होईपर्यंत वीस आकडे मोजून होत नव्हते. माझ्या एकाला पाच मिनिटं. चाळीस मी बांधले, बाकी त्यांनी. मजुरी घेतली, शिवाय ग्लॅडिएटरची एक कलम मागून घेतली, सुनेसाठी म्हणे.

तीन आठवड्यांनी देठ तपासायचे. बोट लावताच देठ टपकन गळून पडला तर डोळ्यानं खुंट धरला. वाळून चिकटून बसला तर गेला. सकाळच्या दवात मी ओळीनं बोट लावत गेलो. मामांच्या ओळीत टप टप टप. माझ्या चाळिसांपैकी अकरा गळले. त्या पहिल्या उंच बांधलेल्या बाराही डोळ्यांनी धरलं होतं, ते मी धुऱ्यावर वेगळे लावलेत, दर महिन्याला खालचे फुटवे खुडतो.

ते अडीचशे-पावणेतीनशे गुलाब 2024 च्या पावसाळ्यात गादीवाफ्यांवर गेले. त्याच मातीत, त्याच पाण्यावर, जुन्या मल्टिफ्लोरावरच्या ग्लॅडिएटरच्या शेजारी. पिवळेपणा अजिबात नाही असं म्हणणार नाही, मेमध्ये थोडा येतो, पण लोहाचा डबा आता वर्षाला एकच लागतो. बुडाशी सोयाबीनचं कुटार अंथरतो. त्यानं ओल राहते आणि वाळवीही येते, म्हणून ते खोडाला टेकू देत नाही. फुलं नागपूरला आठवड्यातून तीनदा जातात, पहाटेच्या एसटीनं. वाहक आता ओळखतो, टोपलीचं भाडं घेतो आणि वर एक फूल घेतो.

जुने मल्टिफ्लोरा मी एकेक करून काढतोय. एक मात्र विहिरीच्या काठावर आईनं काढू दिला नाही. तो आता पार मोटेच्या जुन्या धावेवर चढलाय, मार्चमध्ये पांढरा होतो, मधमाश्या घोंघावतात. मामा यंदा आले तेव्हा त्यानं त्यांचं लक्ष वेधलं. काडी वाकवून त्यांनी साल नखानं उचलून पाहिली, सरसर सुटली.

"साल काय सुटते राज्या हिची," ते म्हणाले. "आपल्या मातीत काऊन नाही चालत हे?"

मी पुन्हा चुनखडीचं सांगायला लागलो, पण तोवर त्यांनी चाकू काढून दोन काड्या कापून पिशवीत टाकल्या होत्या. त्यांचं वावर नदीकाठचं आहे, गाळाचं.